माणसं वाईट नाहीत

सखू सोनकांबळे नेमकं काय काम करते, हे हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या तिच्या गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. पिशवी घेऊन निघालेली दिसली की शेजारच्या शाहीनआपा विचारायच्या, "कां चले, सखूबाई?" सखू म्हणायची, "गांव कू, आपा. काम है." एवढ्यावर आपांचं समाधान व्हायचं नाही. मग सखूचा नवरा दौलत, बँकेत शिपायाची नोकरी करूनही चेष्टेखोरपणा शाबूत राखलेला माणूस, दारातूनच सांगायचा, "हमारी बेगम मय्यत कू जाती, आपा. लेकिन मय्यत होने के बाद."

चेष्टाच ती, पण खोटी नव्हती. सखू हैदराबादेतल्याच हिमायतनगरच्या एका संस्थेत होती. तेलंगणा कुठं संपला आणि महाराष्ट्र कुठं लागला हे फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळावं, अशा सीमेवरच्या गावांत बाळंतपणात कुणी बाई दगावली, की तिच्या घरी जायचं आणि ती कशी गेली ते विचारायचं, हे तिचं काम. सखू मूळची बिलोलीकडची, लग्न होऊन हैदराबादला आलेली. तिकडची मराठी तिला येत होती, तेलुगू येत होतं, आणि दख्खनीवाचून गौलीगुड्यात कुणाचं पान हलत नाही. पुण्याहून आलेल्या पल्लवी मॅडमनी तिला पहिल्याच भेटीत ठेवून घेतलं.

कुणी म्हणेल, बाई कशी गेली हे दवाखान्याच्या कागदावर नसतं का? असतं की. रक्तस्राव असतो, झटके असतात, ताप असतो. पण घरातून निघायला उशीर का झाला, कुणी अडवलं, कुणाची वाट बघत बसले, हे त्यावर नसतं. ते चुलीपाशी असतं आणि चुलीपाशी बसल्यावरच कळतं. सखू तिथं जाऊन बसायची. काही घरांत आधी आडनाव विचारलं जायचं आणि मग तिचा चहा तेवढा कागदी कपात यायचा. तिला त्याचा संताप यायचा. संताप गिळून ती तो चहा प्यायची, कारण ती उठून आली असती तर त्या घरातल्या मेलेल्या बाईबद्दल विचारायला दुसरं कोण जाणार होतं?

बोलायला सुरुवात करण्याआधी ती प्रत्येक घरी तेच सांगायची. "तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. पोलीस नाही, कोर्ट नाही, गावात बोभाटा नाही. पुढच्या बाईचा जीव वाचावा म्हणून विचारते." हे तिला पल्लवी मॅडमनी शिकवलं होतं. "एका घरातलं बाहेर पडलं की पुढचं घर दार लावून घेईल, सखूताई. मग आपल्याला कधीच काही कळणार नाही." सखूला ते पटलं होतं, आजही पटतं. तिनं पोटातलं कधी ओठावर येऊ दिलं नाही, दौलतपाशीसुद्धा नाही.

आणि मग अश्विनीचं घर आलं.

अश्विनी दुसऱ्या बाळंतपणात गेली. पहिलं रीतीप्रमाणं माहेरी झालं होतं, हे दुसरं सासरी. सरकारी दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली, घरी आली, आणि घरी आल्यावर रक्त जायला लागलं ते थांबलंच नाही. दुखवटा सरल्यावर सखू तिच्या सासरी गेली. सासू मंगलाबाई थोरल्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. अश्विनीचा नवरा उदय सखूला बघितल्यावर उठून बाहेर गेला. सखूनं आपलं नेहमीचं सांगितलं. मंगलाबाईनं ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

"माहेरी न्हाई ना सांगणार?"

"कुणालाच नाही."

तेव्हा तिनं नातवाला खाली ठेवलं आणि बोलायला लागली.

त्या दिवशी तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. चांगलं स्थळ होतं, बऱ्याच खटपटीनंतर दारात आलेलं. पोहे फोडणीला पडले होते आणि आतल्या खोलीतून अश्विनी म्हणाली, आत्याबाई, लई चाललंय, गरगरतंय. मंगलाबाईला वाटलं, ओली बाळंतीण आहे, जायचंच थोडंफार. आणि ऐन बघण्याच्या वेळी बाळंतिणीला उचलून बाहेर काढलं तर पाहुणे काय म्हणतील? अपशकुन म्हणतील, उठून जातील. तिनं खोलीचं दार ओढून घेतलं. पाव्हणे उठले की नेऊ, म्हणाली. उदय बैठकीत पान लावून देत होता, त्याच्या कानावरही तिनं जाऊ दिलं नाही. पाहुण्यांनी पोरीला प्रश्न विचारले, चहा घेतला, शेतीवाडीचं बोलले, आणखी बसले. ते उठले तेव्हा अश्विनी हाकेला ओ देत नव्हती.

"त्यांची जीप दारातच हुती, बाई," मंगलाबाई म्हणाली. "नुसतं तोंड उघडायचं हुतं. कुणी न्हाई मनलं असतं का?"

माहेरी मात्र त्यांनी सांगितलं होतं की गाडी मिळाली नाही.

सखूला त्या बाईचा मनस्वी राग आला आणि तेवढीच कीवही आली. मंगलाबाई हमसून हमसून रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पाहुण्यांनी नंतर पोरगी नापसंत केली, हेही रडता रडता तिनंच सांगितलं.

पद्धत अशी की सासरचं झालं की माहेरीही जायचं. अश्विनीचं माहेर सीमेच्या अलीकडे, तेलंगणात. आई भामा, वडील नाहीत, आणि पाठची बहीण राणी. भामानं आडनाव विचारलं नाही, किंवा तिच्या ध्यानातच आलं नसेल, पण चहा घरातल्या स्टीलच्या कपात आला. राणी बारावी होऊन नर्सिंगला निघाली होती. हैदराबादच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, बॅगही भरून झाली होती. अश्विनी गेल्यापासून ती बॅग कोपऱ्यात तशीच होती, आणि तान्ही भाची राणीच्या खांद्यावर.

सखूचं विचारून झालं. गाडी मिळाली नाही, एवढंच भामाला ठाऊक होतं आणि तेवढंच तिनं सांगितलं. सखूनं मान हलवली. मग भामानं पदर सारखा केला आणि तीच विचारायला लागली.

"सासरची माणसं मनतात, राणीला द्या. लेकरांना मावशी म्हंजी आईच. माझे भाऊबी मनतात, दे. तुमी त्या घरी बसून आलात. आमाला दारातली माणसं दिसतात, तुमाला आतली दिसली असतील. कशी हाईत? देऊ का राणीला?"

थोरली गेली की धाकटी द्यायची, ह्याला आपल्याकडे कुणी वाईट म्हणत नाही. उलट सोय झाली म्हणतात. सोय कुणाची झाली हे विचारायची पद्धत नाही.

आणि स्थळाची चौकशी म्हणाल, तर त्या चौकशीची एक वेगळीच भाषा असते. सरळ कुणी कुणाला सांगत नाही. वाईट बोलून लग्न मोडल्याचं बालंट कोण अंगावर घेणार? घर चांगलं असलं तर माणूस भरभरून बोलतो. नसलं तर "मला काही सांगता येत नाही" म्हणतो आणि दुसरा विषय काढतो. विचारणारा काय ते समजतो, चहा संपवतो आणि घरी जाऊन नकार कळवतो. ही भाषा सखूला लहानपणापासून येत होती. तिच्या स्वतःच्या दोन बहिणींची लग्नं तिच्या आईनं याच भाषेत जुळवली होती आणि एक मोडलीही होती.

पण त्या वेळी तिला त्यातलं काही आठवलं नाही. कानात मंगलाबाईचं "माहेरी न्हाई ना सांगणार" घुमत होतं. आपण गप्प राहिलो तर ही बाई आपल्या तोंडावरून ओळखेल, आणि आपण शब्द मोडल्यासारखं होईल, या भीतीनं ती कासावीस झाली. राणी दारात येऊन उभी होती. भामा टक लावून बघत होती. ती शांतता सखूला सोसवेना.

"माणसं वाईट नाहीत ओ," ती म्हणाली. आणि तेवढं पुरे झालं नाही की काय म्हणून वर म्हणाली, "लेकरांना आई मिळेल."

भामानं सुटकेचा श्वास सोडला. राणीनं सखूकडे एकदा बघितलं आणि बाळाला थोपटत आत गेली.

परतीच्या बसमध्ये सखूला आपलंच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं. कामाच्या नियमानं तिला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं. खोटी ग्वाही द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. "मला काही सांगता येत नाही," एवढं म्हटलं असतं तर मंगलाबाईला दिलेला शब्दही राहिला असता आणि भामाला उत्तरही मिळालं असतं. तिचा नियम आणि गावाची रीत, दोन्ही त्या एका वाक्यात मावत होती, आणि नेमकं तेच तिच्या तोंडून निघालं नाही.

तिनं पल्लवी मॅडमना सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. भामानं विचारलं आणि मी जीपचं बोलले नाही, एवढंच. "अवघड होतं. पण बरोबर केलंत, सखूताई," मॅडम म्हणाल्या. कौतुक मनापासून होतं. पुढचं वाक्य सांगायला सखूची जीभ उचलली नाही, आणि मॅडमनी त्या दिवशी मागवलेली कॉफी तशीच ठेवून ती उठली.

पुन्हा भामाच्या गावी, टाकळीला जावं, तिला गाठावं, असं तिच्या मनात कितीदा आलं. काय सांगायचं जाऊन? माझं मागचं बोलणं मनावर घेऊ नका? मग का, असं ती विचारणारच. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता लग्नाची पत्रिका आली. भामानं वर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मावशीनं जरूर यावं. सखूनं अंगात कणकण आहे असं कळवलं आणि घरी बसली. दौलतनं कपाळाला हात लावून बघितला. ज्या कॉलेजात राणीचं नाव लागलं होतं ते सखूच्या ऑफिसच्या वाटेवरच होतं. ती वाट सोडून सखू मागच्या गल्लीनं जायला लागली.

राणीला दिवस गेल्याचं भामानंच फोनवर कळवलं. त्या दिवसापासून सखूनं उसंत म्हणून घेतली नाही. गोळ्या घेतल्यास का, रक्त तपासलं का, पाय सुजलेत का, रोज फोन. राणी शांतपणे उत्तरं द्यायची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. "माझंच घर माहेर समजा," सखूनं भामाला सांगितलं. "इथं मोठा दवाखाना जवळ आहे." भामाला ते देवानंच सुचवल्यासारखं वाटलं. सासरच्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मंगलाबाईनं स्वतः जीप सांगितली आणि सुनेला बसपर्यंत पोचवायला आली, हे ऐकून सखूला चुकचुकल्यासारखं झालं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

राणी पोटुशी गौलीगुड्यात आली. सखूची मुलगी दीक्षा एका सॉफ्टवेअर कंपनीत हेल्पडेस्कवर होती, तिनं आपला पलंग रिकामा करून दिला. सखूनं बेगम बाजारातून डिंक आणला, खारीक आणली, खोबरं आणलं, आणि आणलेलं कमी पडेल म्हणून पुन्हा गेली.

"आई, तू टू मच करतेस हां," दीक्षा म्हणाली. "माझ्यासाठी कधी एवढं केलं नाहीस."

"तुझ्या वेळी करीन," सखू म्हणाली.

"आधी नवरा तर बघा," दौलत म्हणाला. दीक्षासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि घरात सध्या तोच एक चेष्टेचा विषय होता.

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या युसूफभाईला सखूनं आधीच सांगून ठेवलं होतं. "हौ अम्मा, फिकर नक्को करो, बुलाए तो आतूं," तो म्हणायचा. एवढ्यानं भागलं नाही. त्याची रिक्षा बिघडली तर म्हणून तिनं आणखी एकाला सांगून ठेवलं.

राणीला दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा तव्यावर भाकरी होती. दौलत ताटावर बसला होता. "एवढं खाऊन..." त्यानं तोंड उघडलं, आणि सखूनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो हातातला घास टाकून चपला शोधायला लागला. गॅस बंद करायचं भान दीक्षाला राहिलं म्हणून बरं. दवाखान्यात राणी संध्याकाळच्या आत मोकळी झाली. मुलगा झाला. नंतर थोडं जास्त रक्त जातंय असं सखूला वाटलं, तर तिनं नर्सला हाक मारली, मग डॉक्टरला, मग पुन्हा नर्सला. "अम्मा, सब ठीक है, बैठो," म्हणून ते थकले, पण सखू खाली बसली नाही. राणी ठणठणीत होती. सखू बाहेर कठड्याला टेकून रडली, आणि तिला वाटलं, फिटलं.

असं काही फिटत नसतं. पण माणसाला वाटतं, त्याला कोण काय करणार?

घरी आल्यावर सखू राणीचं अंग चोळून द्यायची. भामा न्यायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी, पाठीला तेल लावताना राणी म्हणाली, "मावशी, त्या दिवशी जीप दारात होती ना?"

सखूचा हात जागच्या जागी थांबला.

"आत्याबाईंनी सांगितलं," राणी पुढं म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला सहावा लागला तेव्हा. पाया पडायला लागल्या माझ्या. मनल्या, हैदराबादच्या बाईला मी सगळं सांगितलंय, आता तुला सांगते."

म्हणजे ह्या पोरीला इथं येण्याआधीच सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती सखूच्या हातचे लाडू खात होती, दीक्षाच्या पलंगावर झोपत होती, मावशी मावशी करत होती. सखूला तिच्यासमोर यायचं धैर्य होईना. ती पाठीमागंच बसून राहिली.

"मी शब्द दिला होता गं त्यांना," ती कशीबशी म्हणाली. "कामच तसं आहे."

"ते कळतं मला. तुम्ही सांगायचं नव्हतंच. पण आईनं विचारलं तेव्हा मी दारात होते, मावशी. तुम्ही नुसतं गप्प बसला असता तरी आई समजली असती."

हे सखूला बसमध्येच कळलं होतं. तरी राणीच्या तोंडून ऐकताना तिला ते नव्यानं लागलं.

"चुकलं माझं, राणी," ती म्हणाली. "फार मोठं चुकलं."

बाळ चुळबुळलं, राणीनं त्याला जवळ घेतलं.

"माणसं वाईट नाहीत, ते खरंच हाय," ती म्हणाली. "आत्याबाई मला हातावर झेलतात. लेकरांचे बाबाही कधी आवाज चढवून बोलत नाहीत. पण मी त्याच खोलीत झोपते, मावशी. ते दार मी कधी लावून घेत नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आईला सांगू नका. तिला कळलं तर अक्काच्या लेकरांना बघायला ती त्या घराची पायरी चढणार नाही. मी न्हाई सांगितलं. तुम्हीपण नका."

सखूनं हो म्हटलं. आतापर्यंत कितीजणींना तिनं हा शब्द दिला होता, पण हा दिल्यावर ती तेलाची वाटी घेऊन राणीची पाठ पुन्हा पहिल्यापासून चोळायला लागली.

दुसऱ्या दिवशी भामा आली. आल्या आल्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिनं बघितली, दारातच जराशी थांबली, आणि मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायली. नातवाला बघून तिचं हसू मावेना. जेवताना तिनं सखूच्या हातची आमटी मागून मागून खाल्ली. राणी समोर बसून आईला वाढत होती, आणि मध्येच सखूला घ्या म्हणत होती, जणू आदल्या दिवशी काही झालंच नव्हतं.

बसस्टँडवर सगळेच पोचवायला गेले. युसूफभाईनं पिशव्या वर चढवल्या. राणी बाळाला घेऊन खिडकीशी बसली. भामा पायरीवर पाय ठेवता ठेवता परत फिरली आणि पिशवीतून हिरवं लुगडं काढून तिनं सखूच्या हातात ठेवलं.

"नको भामाबाई, कशाला?"

"घ्या. नको मनू नका," भामा म्हणाली. "एक लेक गेली तेव्हा मला कायबी सुचत नव्हतं. कुणाला इचारावं तर जो तो आपल्या सोयीचं सांगायचा. तुमी एकट्या खरं सांगितलात. तुमच्या शब्दावर दिली मी पोरगी. आन बघा, सोनं झालं."

सखूनं खिडकीकडे बघितलं. राणी ऐकत होती. तिनं नजर खाली घेतली आणि बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं.

कंडक्टर ओरडायला लागला. भामा लगबगीनं वर चढली, बसायच्या आधी खिडकीतून वाकली, आणि सखूच्या शेजारी उभ्या असलेल्या दीक्षाच्या गालाला तिनं हात लावला.

"हिला आमच्याकडचं कुठलं स्थळ आलं तर मला आधी फोन करा," ती सखूला म्हणाली. "मी सोता त्यांच्या घरी जाऊन बसते. आन माणसं कशी हाईत ते खरं खरं सांगते. तुमी माझ्यासाठी केलंत ना, तसंच."

सखू हो म्हणाली. बस निघाली, वळली, दिसेनाशी झाली, तरी ती लुगडं हातात घेऊन तिथंच उभी होती. दौलतनं चल म्हटलं तेव्हा तिला ते ऐकू आलं नाही.